चेहऱ्याचं वय नेमकं कुठे वाढतं? खोळ, कापूस आणि पलंग

बाही वर सरकवा आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू खिडकीच्या उजेडात बघा. मग त्याच हाताचा पंजा पालथा करून डोळ्यांसमोर धरा. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना इथे जणू दोन वेगळ्या माणसांची कातडी दिसते. दंडाची आतली बाजू मऊ, एकसारख्या रंगाची. पंजा मात्र खरखरीत, डागाळलेला, बारीक रेघांनी भरलेला. जन्मतारीख दोन्हींची एकच आहे.

हा प्रयोग मी गेल्या महिन्यात माझ्या भाचीला करायला लावला. ती सव्वीस वर्षांची आहे. तिच्या कपाटात सात बाटल्या होत्या: एक सकाळचं सीरम, एक रात्रीचं, डोळ्यांखालचं वेगळं, शिवाय कोलाजेनच्या पावडरीचा डबा. दर दुसऱ्या जाहिरातीत 'वय रोखा' असं ऐकून ती घाबरली होती. "मावशी, यातलं खरं काय लागतं गं?" तिच्या या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. कोणती बाटली चेहऱ्याच्या कुठल्या थरापर्यंत पोचते हे कळल्याशिवाय ती उपयोगी की निरुपयोगी हे ठरवताच येत नाही. म्हणून आधी थर समजून घेऊ.

## चेहरा म्हणजे जुनी गादी

घरातली कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. वर खोळ, आत कापूस, खाली पलंग. गादी जुनी होते तेव्हा तिन्ही ठिकाणी काही ना काही होतं. खोळ विरते आणि डागाळते. कापूस दबतो, गोळे होऊन एका बाजूला सरकतो. पलंगाची फळी झिजली तर सगळीच गादी मध्ये खचते.

चेहऱ्याचंही तसंच आहे. खोळ म्हणजे त्वचा, कापूस म्हणजे त्वचेखालच्या चरबीच्या उशा, पलंग म्हणजे कवटीची आणि जबड्याची हाडं. कापूस आणि पलंग यांच्यामध्ये स्नायूही असतात, त्यांच्याकडे पुढे येते.

वय झालं की सुरकुत्या पडतात, एवढंच आपण धरून चालतो. खरं तर चेहरा म्हातारा दिसण्यात खालच्या दोन थरांचा वाटा मोठा आहे. गालाची चरबी म्हणजे एकसंध गोळा नसून वेगवेगळे कप्पे असतात. तरुणपणी ते एकमेकांना टेकून बसलेले असतात, त्यामुळे गाल सलग दिसतो. वयानुसार काही कप्पे रिकामे होतात, काही खाली घसरतात, आणि त्यांच्या सीमारेषा वरून दिसू लागतात. डोळ्यांखालचा खड्डा आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी यांचं बरंचसं मूळ इथे आहे. हाडंही स्वस्थ बसत नाहीत. डोळ्यांच्या खोबण्या हळूहळू रुंदावतात, जबड्याचं हाड झिजतं, आणि आधारच आक्रसल्यावर वरची खोळ सैल पडते.

एवढं समजलं की दुकानातल्या निम्म्या दाव्यांचा निकाल लागतो. क्रीम खोळीवर लागतं. दबलेला कापूस त्याने फुगत नाही, पलंग तर नाहीच नाही.

## खोळ का विरते?

त्वचेचे मुख्य भाग दोन. वरची पातळ बाह्यत्वचा सतत नवी होत असते. तरुणपणी साधारण महिन्याभरात खालच्या नव्या पेशी वर येतात आणि जुन्या झडतात. वय वाढलं की हीच फेरी लांबते, म्हणून कातडी निस्तेज आणि कोरडी वाटते. तिच्याखाली जाड अंतस्त्वचा असते. खोळीच्या कापडाची वीण ती हीच.

या विणीतले मुख्य धागे कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे. अंतस्त्वचा वाळवून तिचं वजन केलं तर जवळपास तीन चतुर्थांश भाग कोलाजेनचाच भरेल. दुसरा धागा इलास्टिनचा. परकराच्या नाडीऐवजी आपण इलॅस्टिक घालतो ना, तेच काम याचं: ताणलं की परत जागेवर आणणं. इलास्टिन बहुतेक लहानपणीच तयार होतं आणि तेच जन्मभर पुरवावं लागतं. कोलाजेन मात्र शरीर विणत राहतं, फक्त वेग मंदावतो. प्रौढ वयात दरवर्षी साधारण १ टक्का कोलाजेन कमी होत जातं.

बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर ही उतरण एकदम तीव्र होते. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं ३० टक्क्यांपर्यंत कोलाजेन जाऊ शकतं, कारण ते विणणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन या संप्रेरकाची साथ असते आणि ती साथच सुटते. "दोन वर्षांत एकदम उतरले गं मी" असं पन्नाशीतल्या बायका म्हणतात. तो भास नसतो. त्यांना 'नीट काळजी घेतली नाहीस' असं सुनावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सुरकुत्यांचं. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर त्या घडीवर रेशीम कुचतं आणि जर तुटते. म्हणून जाणत्या बायका अधूनमधून साडी काढून घडी बदलतात. कपाळावरच्या आणि भुवयांमधल्या आठ्यांचं तेच होतं. खालचा स्नायू दिवसातून शेकडो वेळा त्याच रेषेत त्वचा दुमडतो. वीण भक्कम असते तोवर आठी घातली की दिसते, सोडली की जाते. वीण विरली की घडी कायमची उमटते. चेहऱ्याची घडी काही बदलून ठेवता येत नाही. त्यामुळे वीण टिकवणं एवढंच आपल्या हाती उरतं.

## विणीचा सगळ्यात मोठा शत्रू: ऊन

२०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीतलं ऊन त्याच्या डाव्या गालावर यायचं. फोटोत चेहऱ्याची उजवी बाजू साठीतल्या माणसाची वाटते, तर डावी बाजू नांगरलेल्या जमिनीसारखी, जाड, खोल चरांची. माणूस तोच, खाणंपिणं तेच, अनुवंश तोच. फरक होता फक्त खिडकीचा.

उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत, आणि सनस्क्रीनच्या डब्यावर ते यूव्हीबी आणि यूव्हीए अशा नावांनी येतात. यूव्हीबी वरच्या थराला भाजतात, कातडी रापते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. यूव्हीए खाली अंतस्त्वचेपर्यंत उतरतात. तिथे ते कोलाजेन कुरतडणारी पाचकद्रव्यं जागी करतात आणि इलास्टिनच्या गुठळ्या होतात. यूव्हीएचा चटका बसत नाही, म्हणून नुकसान होतंय हे कळतही नाही. शिवाय साध्या काचेतून ते बऱ्याच प्रमाणात आरपार येतात. गाडीची समोरची काच दुपदरी असल्यामुळे त्यांना चांगलं अडवते, बाजूच्या काचेची तशी खात्री नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. रोज तासन्‌तास गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या कुणाचा उजवा गाल आणि उजवा हात निरखून बघा.

"मग सनस्क्रीनने खरंच फरक पडतो का, की तीही जाहिरातच?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं चोख उत्तर उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात नाम्बूर नावाचं गाव आहे. तिथे १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितली, दुसऱ्याला 'नेहमी जसं करता तसं करा' म्हणून सोडलं. सगळ्यांच्या हाताच्या पंजामागच्या त्वचेचे ठसे सुरुवातीला आणि शेवटी घेतले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय या साडेचार वर्षांत मोजता येण्याइतकं वाढलंच नव्हतं, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. चेहऱ्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूंत इतका भक्कम, इतका लांब पल्ल्याचा पुरावा फार थोड्यांच्या पाठीशी आहे. भाचीच्या सात बाटल्यांमध्ये नेमकी सनस्क्रीनच नव्हती.

## "पण आपण तर सावळे, आपल्याला काय गरज?"

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ही निसर्गाची छत्रीच आहे. सावळ्या त्वचेत ती दाट असते, म्हणून गोऱ्या युरोपीय माणसापेक्षा आपल्याला सुरकुत्या साधारण दहाएक वर्षं उशिरा पडतात. परदेशी जाहिरातीतल्या पस्तिशीच्या बाईच्या डोळ्यांशेजारच्या रेघा बघून पंचविशीतल्या मराठी मुलीने धास्तावण्याचं काहीच कारण नाही.

पण तीच छत्री आपल्याला दुसरीकडे त्रास देते. मेलॅनिन बनवणाऱ्या आपल्या पेशी चटकन चिडतात. ऊन लागलं, पुटकुळी फोडली, कातडी घासली, गरम मेणाने भाजली, की तिथे काळा डाग उरतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. आपल्या चेहऱ्यावर वय आधी दिसतं ते रंगात. गालांवर आणि कपाळावर वांग येतो, तोंडाभोवती आणि डोळ्यांखाली काळसरपणा येतो, रंग एकसारखा राहत नाही. वांगाला गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्यांमधली संप्रेरकंही कारण असतात, पण तो टिकवून ठेवतं ते ऊन. त्यातही गंमत अशी की वांग अतिनील किरणांनीच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद होतो. म्हणून वांग असणाऱ्यांना डॉक्टर त्वचेच्या रंगाची छटा असलेली सनस्क्रीन देतात. तिच्यातलं आयर्न ऑक्साइड, म्हणजे गेरूत असतं ते लोहाचं रंगद्रव्य, हा प्रकाश अडवतं.

म्हणजे आपल्याला सनस्क्रीन हवी ती सुरकुत्यांपेक्षा डागांसाठी.

## किती लावायची, कशी लावायची

डब्यावरचा एसपीएफ आकडा यूव्हीबीबद्दल बोलतो. गणित सोपं आहे: एसपीएफ ३० म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी तिसावा भाग आत येतो, साधारण ९७ टक्के अडतात. ५० म्हणजे पन्नासावा भाग, ९८ टक्के. शंभराच्या मागे लागून फारसं काही हाती येत नाही. यूव्हीएसाठी 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा. तीन किंवा चार असावीत.

खरी चूक मापात होते. चाचणीत जेवढा थर देतात त्याच्या निम्माही आपण देत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा, एवढं लागतं. बाहेर राहणार असाल तर दोनेक तासांनी पुन्हा.

पुण्यात दुचाकीवरच्या मुली स्कार्फने तोंड गुंडाळतात त्यावर पुष्कळ विनोद झाले. मला ती पद्धत मनापासून पटते. कापड उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा कितीतरी जास्त अडवतो. शेतात डोक्यावरून पुढे ओढून घेतलेला पदर, रुंद काठाची टोपी, काळी छत्री यांचा खर्च एकदाच होतो आणि त्या दोन तासांनी पुन्हा लावाव्या लागत नाहीत.

"मग ड जीवनसत्त्वाचं काय?" चेहरा हा शरीराच्या कातडीचा अगदी लहान तुकडा आहे. चेहरा झाकून हातापायांवर थोडा वेळ ऊन घेतलं तरी ते काम होतं. कमतरता निघालीच तर डॉक्टर गोळी देतात.

## मशेरी, सुपारी आणि बसलेले गाल

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सौंदर्याच्या लेखांत याबद्दल कोणी लिहीत नाही.

माझी आत्या पहाटे उठून तव्यावर तंबाखू भाजायची. काळी झाली की चुरून डबीत भरायची, आणि दिवसातून चार वेळा दातांना लावायची. मशेरीशिवाय तिला सकाळी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. पन्नाशीच्या आत तिच्या हिरड्या सुटल्या आणि दात एकेक करून गेले. जबड्याचं हाड जिवंत राहतं ते दाताच्या मुळांनी रोज दिलेल्या दाबामुळे. दात गेला की तिथलं हाड विरघळायला लागतं. गादीचा पलंगच झिजला. ओठ आत गेले, हनुवटी नाकाकडे आली, गाल खोल बसले. पंचावन्नाव्या वर्षी ती सत्तरीची दिसायची, आणि घरात सगळे म्हणायचे, "कष्ट फार केले तिनं." कष्ट केलेच होते, पण चेहरा खाल्ला तो डबीने.

पुढे तिच्या मुलाने तिला कवळी बसवून आणली. दंतवैद्याकडून परतल्यावर तिने खुंटीवरचा लहान आरसा काढला, दाराच्या उजेडात नेला आणि गालावरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभी राहिली. एकाही क्रीमने जो बदल झाला नसता तो एका दुपारी झाला होता, कारण खालचा आधार परत आला होता.

सुपारीचं आणखी वाईट. सतत सुपारी आणि गुटखा चघळणाऱ्यांच्या गालांच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड पूर्ण उघडेनासं होतं, गाल आत ओढल्यासारखे दिसतात. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी विशीतल्या मुलांची तोंडं दोन बोटं जातील एवढीसुद्धा उघडत नाहीत. बिडी-सिगारेट रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि कोलाजेन कुरतडणारी तीच पाचकद्रव्यं वाढवते. चुलीच्या धुराकडेही बघायला हवं: चीनमध्ये लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरच्या घड्या जास्त ठळक आढळल्या.

चेहऱ्यासाठी ज्यांना एकच गोष्ट करायची आहे आणि तोंडात तंबाखू किंवा सुपारी आहे, त्यांनी आधी ती सोडावी. सनस्क्रीन नंतर.

## बाटलीत खरं काय असतं?

मनुका पाण्यात टाकली की फुगते आणि तिच्या सुरकुत्या जातात. मॉइश्चरायझर वरच्या थरापुरतं तेच करतं. ओल धरली की बारीक रेघा भरून दिसतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. यात फसवणूक नाही, कोरड्या कातडीला त्याची गरजच असते. पण त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. (भरपूर पाणी प्यायल्याने सुरकुत्या जातात हे मात्र खरं नाही. प्यायलेलं पाणी आधी साऱ्या शरीराला मिळतं.)

कोलाजेन असलेलं क्रीम विकत घेण्यात काही अर्थ नाही. कोलाजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो बाह्यत्वचा ओलांडून आत जाऊच शकत नाही.

विणीपर्यंत पोचणारं, भरपूर अभ्यासलेलं द्रव्य म्हणजे ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन ते मुरुमांसाठी वापरत होते. वयस्क बायका सांगू लागल्या की मुरुमांसोबत रेघाही कमी झाल्या. १९८६ मध्ये त्यांनी त्यावरचा अभ्यास छापला, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्याला बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. या औषधाचा इतिहास सांगताना त्या माणसांची आठवण ठेवायलाच हवी.) ट्रेटिनॉइन नवं कोलाजेन विणायला लावतं, पण फरक दिसायला महिने लागतात. सुरुवातीला कातडी लाल होते, सोलते, आणि सावळ्या त्वचेवर त्या जळजळीचेच डाग उरू शकतात. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावं, रात्री, अगदी वाटाण्याएवढं. गरोदरपणात अजिबात नाही. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं रेटिनॉल हे त्याचं सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर त्याचा थोडा भाग त्याच द्रव्यात बदलतो.

घरगुती उपायांबद्दल दोनच गोष्टी. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात जाऊ नये, त्यातली द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात आणि काळे चट्टे पाडतात. आणि उटणं असो की नायलॉनची घासणी, जोरात घासून रंग उजळत नाही, उलट गडद होतो. दिवाळीचं उटणं हलक्या हाताने लावा आणि त्याच्या वासाचं सुख घ्या.

## कोलाजेनची पावडर

"क्रीम आत जात नाही, मग खाल्लं तर?" कोलाजेन हे प्रथिन आहे. पोटात गेल्यावर डाळीच्या किंवा अंड्याच्या प्रथिनासारखेच त्याचे तुकडे होतात. ते तुकडे गालावरच जावेत अशी सोय शरीरात नाही. काही चाचण्यांत त्वचा थोडी ओलसर आणि लवचीक झाल्याचं दिसलं, हे खरं. २०२५ मध्ये अशा २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. ज्यांना औषध कंपन्यांचा पैसा नव्हता त्या वेगळ्या काढल्या, तर फायदा दिसेनासा झाला. शाकाहारी वाचकांनी हेही जाणून घ्यावं की कोलाजेन प्राण्यांपासूनच येतं: गाय, डुक्कर, मासे. स्वतःचं कोलाजेन विणायला शरीराला पुरेसं प्रथिन आणि क जीवनसत्त्व लागतं. पावडरीच्या डब्याच्या पैशात वर्षाचे आवळे आणि पेरू येतात.

## सुई कुठे पोचते?

बोटॉक्सची सुई स्नायूपर्यंत जाते. बोट्युलिनम हे एका जिवाणूचं जहाल विष. अत्यल्प मात्रेत ते मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत जाऊ देत नाही. व्हँकूवरमधल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स पापण्यांच्या विकारासाठी ते देत असताना एका रुग्णाच्या आठ्या गेल्याचं लक्षात आलं. त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या पतीसोबत, ॲलिस्टर यांच्यासोबत, त्यांनी १९९२ मध्ये त्यावर लेख छापला, आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. पैठणीच्या भाषेत, साडी दुमडणारे हातच तीन-चार महिने बांधून ठेवले जातात. मग असर ओसरतो. खचलेल्या गालाला बोटॉक्सचा उपयोग नाही.

फिलर म्हणजे दबलेल्या गादीत कापूस भरणं. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात. पाणी धरून ठेवणारं हे द्रव्य आपल्या त्वचेत मुळातच असतं. काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतं आणि नको झालं तर विरघळवता येतं. पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते आणि क्वचित प्रसंगी दृष्टी जाते. म्हणून ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत ही सुई घेऊ नये. देणाऱ्याची त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रंग उजळवण्याच्या ग्लुटाथायोनच्या सलाईनबद्दल मी स्पष्टच सांगते: घेऊ नका. त्वचा उजळवण्यासाठी एकही इंजेक्शन अमेरिकेच्या औषध नियामकाने मंजूर केलेलं नाही.

चेहऱ्याचे व्यायाम? शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास छापला. २० आठवडे व्यायाम करणाऱ्या बायकांचं दिसणारं वय सरासरी ५०.८ वरून ४८.१ वर आलं. पण २७ पैकी १६ जणीच टिकल्या, तुलनेला दुसरा गट नव्हता. अपाय नाही, वेळ असेल तर करा.

## ज्या डबीवर नाव-गाव नाही

'आठ दिवसांत फरक' म्हणणाऱ्या क्रीममध्ये बहुधा दोनांपैकी एक गोष्ट असते.

पहिली पारा. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातली बातमी आली होती: महाविद्यालयात शिकणारी मुलगी, तिची बहीण आणि आई, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले. निर्मात्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी घरात ठेवू नका.

दुसरी स्टेरॉइड. ही खरं तर एक्झिमासारख्या रोगांची, थोड्या दिवसांची औषधं. चेहऱ्यावर लावली की आठवड्याभरात कातडी उजळ आणि गुळगुळीत दिसते, म्हणून एक मैत्रीण दुसरीला सांगते. महिन्यांनी तीच कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, गालांवर केस येतात, आणि ट्यूब थांबवली की आग आग होते. देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये छापून आली. त्यातले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. अशी ट्यूब लावत असाल तर स्वतःच एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवत न्या.

## "आता साठी आली, आता काय उपयोग?"

हे वाक्य मला माझ्याच घरात सगळ्यात जास्त ऐकू येतं.

मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला. ते ज्येष्ठांच्या दोन निवासांत गेले आणि ३६ जणांना घेतलं. सरासरी वय ८७. एका दंडाला रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्याला त्याच रूपाचं पण औषध नसलेलं लोशन, आठवड्यातून तीनदापर्यंत, २४ आठवडे. जागा निवडली दंडाची आतली बाजू, तीच, जी तुम्ही सुरुवातीला उजेडात बघितलीत. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून जे काही झिजलं ते निव्वळ वयाने. २४ आठवड्यांनी रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या होत्या, आणि कातडीचा तुकडा तपासला तर त्यात नवं कोलाजेन विणलं जात होतं. सत्त्याऐंशीव्या वर्षी.

लोशन थांबवल्यावर पुढच्या महिन्यांत तो फायदा ओसरत गेला.